लेस्या उक्राइन्का

युरोप खंडाच्या पूर्व भागात युक्रेन नावाचा विस्तीर्ण देश आहे. काळ्या, कसदार मातीबद्दल आणि गव्हाच्या अफाट शेतांबद्दल तो प्रसिद्ध आहे. त्या देशात ‘लेस्या’ हे मुलींचे एक आवडते नाव आहे. मुळात हे लाडाचे नाव. लारिसा किंवा ओलेक्सांद्रा असे भारदस्त नाव असलेल्या मुलीला घरची माणसे प्रेमाने ‘लेस्या’ म्हणत. आता मात्र कित्येक मुलींचे जन्मनावच लेस्या असते. घरातल्या माणसांच्या ओठांवरचे हे लहानसे नाव एका मुलीने पुस्तकांवर छापून साऱ्या देशाच्या तोंडी केले. तिचे शरीर जन्मभर दुखण्याने पोखरलेले होते आणि ज्या भाषेत ती लिहीत असे, त्या भाषेवर सरकारची बंदी होती. तरीही तिने लिहिणे सोडले नाही. त्या मुलीची, पुढे थोर कवयित्री आणि नाटककार झालेल्या लेस्या उक्राइन्काची, ही कथा आहे.

लेस्याचे पूर्ण नाव लारिसा पेत्रिव्ना कोसाच. तिचा जन्म २५ फेब्रुवारी १८७१ रोजी व्होलिन प्रांतातील एका लहान नगरात झाला. त्या नगराला हल्ली झ्व्याहेल म्हणतात. तिचे वडील पेत्रो कोसाच हे कायद्याचे जाणकार होते. वेठबिगारीतून नुकत्याच मुक्त झालेल्या शेतकऱ्यांचे आणि जमीनदारांचे तंटे मिटविण्याचे सरकारी काम त्यांच्याकडे होते. आई ओल्हा ही विदुषी होती. ‘ओलेना प्चिल्का’ या टोपणनावाने ती कथा-कविता लिही. ‘प्चिल्का’ म्हणजे लहानशी मधमाशी. हे नाव तिला शोभतही होते. कारण मधमाशीने फुलाफुलावर जाऊन मध गोळा करावा, तशी ती खेडोपाडी फिरून लोकगीते आणि भरतकामाचे नमुने गोळा करीत असे. लेस्याचे मामा मिखाइलो द्राहोमानोव हे नामांकित पंडित होते. कीव्हच्या विद्यापीठात ते शिकवीत असत. परंतु त्यांची स्वतंत्र मते सरकारला रुचली नाहीत. त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले व १८७६ साली त्यांना देश सोडून परमुलखात जावे लागले.

त्या काळी युक्रेनचा बहुतेक भाग रशियाच्या बादशहाच्या, म्हणजे झारच्या, अमलाखाली होता. पश्चिमेकडील काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. युक्रेनियन ही स्वतंत्र भाषा आहे, हेच झारच्या सरकारला मान्य नव्हते. १८७६ साली झारने एक कडक हुकूम काढला. युक्रेनियन भाषेतील पुस्तके परदेशांतून आणावयाची नाहीत, त्या भाषेत नाटके करावयाची नाहीत, व्याख्याने द्यावयाची नाहीत आणि सरकारच्या परवानगीवाचून कथा-कवितांचे पुस्तकही छापावयाचे नाही, असा तो हुकूम होता. शाळांतून तर त्या भाषेला जागाच नव्हती. आईच्या मांडीवर बसून जी भाषा शिकावयाची, ती शाळेच्या दाराशी येताच मुलांना विसरावी लागे. हा हुकूम निघाला तेव्हा लेस्या अवघी पाच वर्षांची होती. पण याच हुकुमाशी तिला पुढे जन्मभर झगडावयाचे होते.

आईने मनाशी एक निश्चय केला. मुलांना लहानपणी शाळेत न घालता घरीच शिकवावयाचे आणि त्यांची मातृभाषा पक्की करावयाची. लेस्या शाळेत कधी गेलीच नाही. चौथ्या वर्षीच ती वाचू लागली होती. तिचा थोरला भाऊ मिखाइलो हा तिच्याहून दीड वर्षाने मोठा. दोघे इतकी एकजीव होती की, घरातील मंडळी दोघांची नावे जोडून त्यांना ‘मिशोलोसिए’ या एकाच नावाने हाक मारीत. दोघे मिळून वाचीत, दोघे मिळून नाटके रचीत. भावाला लॅटिन आणि ग्रीक शिकविण्यासाठी शिक्षक ठेवण्यात आले, तेव्हा लेस्याही त्याच्या शेजारी बसून त्या भाषा शिकली. मुलींना या प्राचीन भाषा शिकविण्याची तेव्हा रीत नव्हती.

लेस्या नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. तिच्या एका आत्याला सरकारविरोधी चळवळीत भाग घेतल्याबद्दल पकडून हद्दपार करण्यात आले. ही आत्या लेस्याची फार लाडकी. ही बातमी ऐकून लेस्या घरात एका बाजूला जाऊन बसली आणि तिने आपली पहिली कविता लिहिली. तिचे नाव ‘आशा’. ज्याचे स्वातंत्र्य हरपले आहे, त्याच्याजवळ मायभूमी पुन्हा पाहण्याची आशा तेवढी उरते, असा तिचा आशय आहे.

कोसाच कुटुंब त्या वेळी लुत्स्क नावाच्या गावी राहत असे. गावाजवळून स्तिर नदी वाहते. १८८१ सालच्या जानेवारीत नदीकाठी एक सण साजरा होत होता. नदीचे पाणी गोठून त्याचे बर्फ झाले होते. धर्मगुरू पाण्याला आशीर्वाद देत होते आणि तो सोहळा पाहावयास गावातील लोक जमले होते. लेस्याही तेथे उभी राहिली. पाहता पाहता तिचे पाय गारठून गेले. घरी आल्यावर तिचा पाय दुखू लागला. काही दिवसांनी दुखणे थांबले, पण ते कायमचे गेले नव्हते. दोन वर्षांनी ते हातात उद्भवले. तो हाडांचा क्षय होता.

त्या थंडीमुळेच हा रोग जडला, असे घरातील मंडळींना वाटत राहिले. क्षय थंडीने होत नाही, तो एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, हे आज आपण जाणतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ साली शोधून काढला. म्हणजे लेस्याचे दुखणे वाढत होते त्याच सुमारास शत्रूची ओळख पटली होती. पण त्याला मारणारे औषध हाती येण्यास आणखी साठ वर्षे लागावयाची होती. तोवर सुरी हाच एक उपाय होता. १८८३ साली कीव्ह येथे लेस्याच्या डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली आणि किडलेली हाडे काढून टाकण्यात आली. हात वाचला, पण तो कायमचा अधू झाला.

या घटनेने लेस्याचे केवढे नुकसान झाले, हे समजण्यासाठी तिचे संगीतप्रेम ध्यानात घेतले पाहिजे. तिला पियानोचे विलक्षण वेड होते. ती उत्तम वाजवी आणि मनाला येईल ते सूर जुळवीत तासन् तास बसे. आपण मोठेपणी संगीतकार व्हावे, असे तिला वाटत असे. पियानोला दोन्ही हातांची दाही बोटे लागतात. बारा वर्षांच्या त्या मुलीचे स्वप्न एका दिवसात मोडले. ती रडलीही असेल. पण तिने पियानोचे झाकण कायमचे मिटले नाही. जमेल तसे ती वाजवीत राहिली. पुढे या पियानोला उद्देशून तिने एक कविताही लिहिली. एखाद्या जिवलग मैत्रिणीचा निरोप घ्यावा, तशी ती आहे. आता तिच्याजवळ उजवा हात होता आणि उजव्या हातात लेखणी होती.

१८८४ साली, लेस्या तेरा वर्षांची असताना, तिच्या दोन कविता प्रथमच छापून आल्या. एक होती रानात उमलणाऱ्या एका नाजूक पांढऱ्या फुलावर आणि दुसरी साफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीवर. त्या छापल्या गेल्या ल्विव्ह या शहरी, ‘झोर्या’ म्हणजे ‘तारा’ नावाच्या नियतकालिकात. ल्विव्ह हे ऑस्ट्रियाच्या राज्यात असल्यामुळे तेथे झारचा हुकूम चालत नसे. आपल्या घरी लिहिलेली कविता सरहद्दीपलीकडे पाठवावयाची, तेथे ती छापून यावयाची आणि छापलेले पुस्तक मात्र पुन्हा घरी आणण्यास बंदी, अशी त्या काळच्या युक्रेनियन लेखकांची अवस्था होती.

कवितेखाली नाव कोणते घालावयाचे? आईने लेकीसाठी एक टोपणनाव निवडले : लेस्या उक्राइन्का. ‘उक्राइन्का’ म्हणजे युक्रेनची कन्या. मामा द्राहोमानोव यांनीही पूर्वी ‘उक्राइनेत्स’, म्हणजे युक्रेनचा पुत्र, या नावाने लेखन केले होते. सरकारी दप्तरात त्या देशाला ‘छोटा रशिया’ म्हणत. अशा वेळी स्वतःला युक्रेनची कन्या म्हणवून घेणे ही साधी गोष्ट नव्हती. पहिले नाव घरातले, लाडाचे. दुसरे नाव देशाचे. तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर आईने हे नाव ठेवले आणि तिने ते शेवटपर्यंत निभावले.

कोसाच कुटुंब पुढे कोलोद्याझ्ने नावाच्या खेड्यात राहावयास गेले. भोवती दाट अरण्ये, दलदली आणि तळी होती. येथेच वडिलांनी लेस्यासाठी एक लहानसे पांढरे घर बांधून दिले. दुखण्यामुळे तिला दीर्घकाळ बिछान्यावर पडून राहावे लागे. पण त्या बिछान्यावर पुस्तकांचा ढीग असे. ती एकामागून एक भाषा शिकत गेली. रशियन व पोलिश तिला येतच होत्या. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, इटालियन या भाषांत तिने प्रावीण्य मिळविले. ज्या भाषेला सरकार अडाणी लोकांची बोली म्हणत होते, त्या भाषेत जगातील उत्तम साहित्य आणावयाचे, असा तिने चंग बांधला. हाइने या जर्मन कवीच्या कवितांचा अनुवाद तिने एका मित्राच्या सहकार्याने केला आणि तो १८९२ साली ल्विव्ह येथे प्रसिद्ध झाला.

याच काळात तिने एक असे काम केले, ज्याचा आपल्या भारताशी संबंध आहे. तिच्या धाकट्या बहिणी घरीच शिकत होत्या. त्यांना इतिहास शिकवावा, तर मातृभाषेत इतिहासाचे चांगले पुस्तक नव्हते. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या लेस्याने स्वतःच पुस्तक लिहावयास घेतले. ‘पूर्वेकडील लोकांचा प्राचीन इतिहास’ असे त्याचे नाव. त्यात इजिप्त, बाबिलोन, इराण यांच्याबरोबर प्राचीन भारताचीही माहिती आहे. एवढेच नव्हे, तर भारतीयांचे मन कळावे म्हणून तिने ऋग्वेदातील काही सूक्तांचा युक्रेनियन भाषेत पद्यमय अनुवाद केला. आपल्या ऋषींनी रचलेली सूक्ते हजारो कोस दूर, बर्फाच्छादित अरण्याकाठच्या एका घरात, एक आजारी तरुणी आपल्या लहान बहिणींना त्यांच्या भाषेत शिकवीत होती, ही केवढी हृद्य गोष्ट आहे! हे पुस्तक छापले जाण्यास १९१८ साल उजाडावे लागले. तेव्हा लेस्या हयात नव्हती. तिच्या बहिणीने ते प्रसिद्ध केले.

१८९३ साली ल्विव्ह येथे लेस्याचा ‘गीतांच्या पंखांवर’ हा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, एकोणिसाव्या वर्षी, तिने एक कविता लिहिली होती. तिचे शीर्षक लॅटिन भाषेत आहे. आशेला जागा नसतानाही मी आशा करते, असा त्याचा अर्थ. ही कविता युक्रेनमधील मुले आजही शाळेत शिकतात. ती केवळ शब्दांची आतषबाजी नव्हती. लिहिणाऱ्या हाताने सोसलेले दुःख त्यामागे उभे होते.

दुखणे तिला एका जागी राहू देईना. थंडी मानवत नसल्यामुळे उबदार हवेच्या शोधात तिला देशोदेशी फिरावे लागले. कधी काळ्या समुद्राकाठचा क्रिमिया, कधी इटलीतील सान रेमो, कधी काकेशस पर्वताच्या कुशीतला जॉर्जिया, तर कधी इजिप्तमधील हेल्वान. बर्लिनमध्ये १८९९ साली तिच्या पायावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तिचे मामा परदेशांत हिंडत अखेर बल्गेरियातील सोफिया शहरी स्थायिक झाले होते. त्यांच्याकडेही ती जाऊन राहिली. १८९५ साली मामांचा मृत्यू झाला, तेव्हा ती तेथेच होती. या मामांनी पत्रे लिहून लिहून तिला जगाचा इतिहास, धर्म आणि विचार यांची गोडी लावली होती. त्यांच्या निधनाने तिचा गुरूच हरपला.

स्वतः आजारी असूनही दुसऱ्याच्या वेदनेपासून ती कधी दूर पळाली नाही. १९०१ साली तिचे एक जिवलग स्नेही सेर्हि मेर्झिन्स्की मिन्स्क शहरी फुप्फुसांच्या क्षयाने अखेरच्या घटका मोजीत होते. लेस्याची प्रकृती तोळामासा असताना ती भर हिवाळ्यात त्यांच्या शुश्रूषेसाठी गेली आणि त्यांच्या उशाशी बसून राहिली. तेथेच एका रात्रीत तिने एक नाट्यकाव्य लिहून काढले. दुःख असह्य झाले की ती त्याचे काव्य करी. ही तिची रीतच झाली होती.

१९०७ सालच्या जानेवारीत पोलिसांनी तिच्या घराची झडती घेतली आणि तिला व तिच्या बहिणीला पकडून नेले. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडण्यात आले. त्याच वर्षी लेस्याचा विवाह क्लिमेंत क्वित्का यांच्याशी झाला. ते न्यायखात्यात नोकरीस होते. पण त्यांचा खरा जीव लोकसंगीतात होता. लेस्याला लहानपणापासून शेकडो लोकगीते पाठ होती. खेड्यातल्या बायका कापणीच्या वेळी, लग्नात, वसंताच्या स्वागतासाठी जी गाणी गात, ती तिने ऐकून ऐकून कंठस्थ केली होती. ती गाई आणि क्वित्का त्या चाली स्वरलिपीत उतरवून घेत. पुढे त्यांनी तिच्या तोंडून उतरवून घेतलेल्या २२५ गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला.

या दांपत्याने केलेले आणखी एक काम तर कायमचे लक्षात ठेवण्याजोगे आहे. युक्रेनमध्ये ‘कोब्झार’ नावाचे गायक असत. ते बहुधा अंध असत. कोब्झा किंवा बांदुरा हे तंतुवाद्य खांद्याला अडकवून ते गावोगाव फिरत आणि पूर्वजांच्या शौर्याची, कैदेत पडलेल्या वीरांची, विरहाची दीर्घ कवने गात. या कवनांना ‘दुमा’ म्हणतात. त्या कोठे लिहून ठेवलेल्या नसत. गुरूच्या मुखातून शिष्याच्या मुखात, अशी ती परंपरा चालत आलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वृद्ध कोब्झार एकेक करून मृत्यू पावत होते. त्यांच्याबरोबर त्यांच्या चालीही नाहीशा होणार, हे उघड दिसत होते.

त्या काळी फोनोग्राफ नावाचे यंत्र होते. मेणाच्या नळकांडीवर सुईने रेघ कोरून त्यात माणसाचा आवाज साठविता येई. या यंत्राने कोब्झारांची गाणी टिपून ठेवावी, असे लेस्या व क्वित्का यांनी ठरविले. पण यंत्र, नळकांड्या, प्रवास या साऱ्यांना पैसा हवा. त्यांचा संसार काही श्रीमंतीचा नव्हता. औषधपाण्यालाच पैसे पुरत नसत. तरी लेस्याने आपल्या गाठीची रक्कम या कामासाठी काढून दिली. ल्विव्हचे संगीतज्ञ फिलारेत कोलेस्सा यांना बोलाविण्यात आले. ते १९०८ साली पोल्तावा भागात गेले आणि त्यांनी अनेक कोब्झारांचे गायन टिपून घेतले. पैसे कोणी दिले, हे मात्र कोणाला कळू द्यावयाचे नाही, अशी लेस्याची अट होती. कोलेस्सा यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले, तरी देणगी देणाऱ्याचे नाव गुप्तच राहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस लेस्या क्रिमियातील याल्टा येथे होती. हनात होन्चारेन्को नावाचे एक वृद्ध अंध कोब्झार त्या भागात राहत असल्याचे तिला समजले. तिने त्यांना बोलावून घेतले. स्वतः यंत्रापुढे बसून तिने त्यांचे गायन टिपले. आपल्या अधू हाताने ती मेणाची नळकांडी जपून ठेवीत असेल, तेव्हा तिच्या मनात काय आले असेल? तिच्या स्वतःच्या बोटांतून संगीत निसटून गेले होते. पण आपल्या लोकांचे संगीत तिने निसटू दिले नाही. त्या अंध गायकाचा आवाज आजही ऐकावयास मिळतो.

लेस्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे घरापासून फार दूर, जॉर्जियात गेली. पतीची नोकरी तेथे होती आणि हवाही मानवण्यासारखी होती. रोग आता मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. असे असूनही याच काळात तिने आपली उत्तमोत्तम नाटके लिहिली. ‘कसान्द्रा’ हे तिच्या नाटकांपैकी एक. कसान्द्रा ही ट्रॉय नगरीची राजकन्या. तिला भविष्य दिसते, ती ते खरे खरे सांगते. पण तिच्यावर कोणीच विश्वास ठेवीत नाही. ट्रॉयच्या युद्धाची कथा वीरांच्या पराक्रमाची म्हणून सर्वांना ठाऊक होती. लेस्याने ती एका एकाकी स्त्रीच्या नजरेतून दाखविली.

तिच्या साऱ्या लेखनात लोकांना सर्वांत प्रिय झाले ते ‘लिसोवा पिस्न्या’, म्हणजे ‘अरण्यगीत’, हे काव्यमय नाटक. त्याच्या जन्माची कथाही मनोरम आहे. लेस्या लहान असताना आईने तिला ‘माव्का’ची गोष्ट सांगितली होती. माव्का म्हणजे झाडांत राहणारी वनकन्या. ही गोष्ट त्या मुलीच्या मनात घर करून राहिली. कोलोद्याझ्नेला असताना एका चांदण्या रात्री, कोणाला न सांगता, ती एकटीच घरातून निघाली आणि धावत अरण्यात गेली. झाडांच्या सावल्यांत ती माव्काची वाट पाहत उभी राहिली. माव्का काही आली नाही. पण तीस वर्षांच्या सुमारे काळ लोटल्यावर, १९११ सालच्या उन्हाळ्यात, जॉर्जियातील कुताइसी गावी लेस्याला एकाएकी आपल्या व्होलिनच्या अरण्याची अनावर आठवण झाली. चोहीकडे परके डोंगर, परकी भाषा. आणि डोळ्यांपुढे मात्र लहानपणीची तळी, बर्चची झाडे, विलोच्या फांद्या! ती लिहावयास बसली आणि दहा-बारा दिवसांत सारे नाटक लिहून पुरे झाले. जी वनकन्या त्या रात्री आली नव्हती, ती आता तिच्या लेखणीतून अवतरली.

या नाटकात लुकाश नावाचा एक तरुण आपल्या मामांबरोबर अरण्यात राहावयास येतो. तो बासरी वाजवितो. त्या सुरांनी हिवाळी झोपेतून माव्का जागी होते आणि तिला त्या माणसाच्या मुलावर माया जडते. लुकाशचे मामा लेव्ह हे अरण्याचे जुने मित्र. तळ्याकाठचा पुरातन ओक वृक्ष कधी तोडू द्यावयाचा नाही, अशी त्यांची शपथ असते. पण त्यांच्या मृत्यूनंतर तो वृक्ष तोडला जातो. लुकाशही संसाराच्या हव्यासात पडून आपल्या सुरांना आणि माव्काला विसरतो. शेवटी माव्का विलो वृक्षाच्या रूपात उभी राहते. तिचा देह जळून जातो. परंतु तिच्या अंतःकरणातील जे अमर आहे, ते जळत नाही. लुकाश पुन्हा बासरी वाजवितो आणि बर्फ पडत राहते. नाटकातील बासरीसाठी लेस्याने व्होलिनमधील खेड्यांतल्या खऱ्या चाली निवडून दिल्या आहेत. कथा, अरण्य, संगीत, आईची आठवण, असे तिला जे जे प्रिय होते, ते सारे या नाटकात एकवटले आहे.

१९१३ सालचा उन्हाळा आला. लेस्या जॉर्जियातील सुरामी या गावी अंथरुणास खिळली होती. आई तिच्याजवळ आली होती. हातात लेखणी धरण्याची शक्ती उरली नव्हती. तरी एका नव्या नाटकाची कल्पना मनात घोळत होती. ती तिने आईला सांगितली व आईने लिहून घेतली. कल्पना अशी : प्राचीन काळी अलेक्झांड्रिया नगरीजवळ एक ग्रीक कुटुंब राहत असते. जुनी विद्या पाखंड ठरवून तिचा छळ सुरू झालेला असतो. तेव्हा त्या घरातील मुले ग्रंथांच्या गुंडाळ्या वाळवंटातील वाळूत पुरून ठेवतात. आज नाही तरी उद्या कोणी तरी त्या शोधून काढील आणि वाचील, असा त्यांना विश्वास असतो. हे नाटक लिहून झाले नाही. १ ऑगस्ट १९१३ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, लेस्याने देह ठेवला.

तिचा मृतदेह आगगाडीने कीव्हला आणण्यात आला. अंत्ययात्रेस मोठा जनसमुदाय लोटला. कवयित्रीच्या मृत्यूनंतरही सरकारला तिचे भय वाटत होते. रस्त्यात पोलिसांचा कडक बंदोबस्त होता आणि भाषणे करण्यास मनाई होती. लोक मूकपणे चालत होते. तिची शवपेटिका स्त्रियांनी खांद्यावर वाहिली. जिने आपल्या लेखनात स्त्रीला मानाने उभे केले, तिला स्त्रियांनी दिलेला तो शब्दांवाचूनचा निरोप होता. बाइकोवे स्मशानभूमीत, आपल्या वडिलांच्या आणि लाडक्या भावाच्या शेजारी, ती चिरनिद्रा घेत आहे.

काळ बदलला. ज्या झारने तिची भाषा दडपली, त्याचे सिंहासन तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांत कोसळले. १९१८ साली कीव्हच्या रंगभूमीवर ‘अरण्यगीत’ प्रथम सादर झाले. १९९१ साली युक्रेन स्वतंत्र राष्ट्र झाले. त्या देशाच्या २०० रिव्निया किमतीच्या नोटेवर लेस्याचे चित्र आहे. लुत्स्क शहरी, जेथे तिचे दुखणे सुरू झाले, तेथील विद्यापीठाला तिचे नाव दिले आहे. कोलोद्याझ्नेच्या घरात तिचे संग्रहालय आहे. एवढेच काय, सूर्याभोवती फिरणाऱ्या एका लघुग्रहाचे नावही ‘लेस्या’ आहे.

लेस्याला मोठे सैन्य मिळाले नव्हते की मोठी संपत्ती. धडधाकट शरीरही तिच्या वाट्यास आले नाही. जे हाती राहिले होते, ते तिने जपले. एक हात अधू झाला, तेव्हा दुसऱ्या हाताने तिने लिहिले. स्वतःच्या देशात छापण्यास बंदी होती, तेव्हा सरहद्दीपलीकडे छापले. मातृभाषेत पुस्तक नव्हते, तेव्हा बहिणींसाठी ते स्वतः लिहिले. जुनी गाणी मरू लागली, तेव्हा ती मेणावर कोरून ठेवली. वाळूत पुरलेले ग्रंथ कोणी तरी पुढे वाचील, हा तिच्या अखेरच्या नाटकातील मुलांचा विश्वास तिचा स्वतःचाच होता आणि तो खरा ठरला.

युक्रेनमधील एखादी आई आज आपल्या चिमुकल्या मुलीला ‘लेस्या’ म्हणून हाक मारते, तेव्हा तो नुसता लाडाचा शब्द राहत नाही. स्तिर नदीच्या काठी गारठलेल्या पायांनी उभी असलेली, चांदण्या रात्री अरण्यात वनकन्येची वाट पाहणारी आणि आशेला जागा नसताना आशा धरणारी ती मुलगी त्या हाकेत पुन्हा जिवंत होते.